‘पीडीएफ टाकली की झालं डिजिटल’? नाही, होत नाही

प्रकाशन व्यवसायातल्या लोकांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचं सार असं: छपाईची फाईल तयारच असते, तिची पीडीएफ काढा, साइटवर चढवा, झाली डिजिटल आवृत्ती. कागद नाही, छपाई नाही, म्हणजे खर्च शून्य. पडद्यावर लांबलचक कुणी वाचत नाही, तेव्हा मजकूर निम्मा करा. आणि जपून, डिजिटल दिलं की छापील खप बसतो. मी पुस्तकनिर्मितीचंच काम करते. यातला एकही सल्ला मला जसाच्या तसा पटत नाही, आणि पहिला तर वाचकावर सरळ अन्याय करणारा आहे.

पीडीएफ 1993 मध्ये अडोबी कंपनीने आणली ती पान कुठल्याही यंत्रावर हुबेहूब तसंच दिसावं म्हणून. छापखान्यासाठी हा गुण लाखमोलाचा. पण दोन स्तंभांचं पान मोबाइलवर उघडून बघा. अक्षर दिसत नाही म्हणून बोटांनी मोठं करायचं, ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचायची, स्तंभ संपला की पुन्हा वर जायचं, तळटीप आली की पुन्हा खाली. तिसऱ्या पानावर वाचक पुस्तक मिटतो. मग आपण म्हणतो, लोकांना वाचायचंच नसतं.

यासाठीच ईपब हा ईबुकाच्या फाईलचा प्रकार आहे. 2007 मध्ये त्याचं मानक ठरलं, आज डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानकं ठरवणारी संस्था ते सांभाळते. त्यात पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी नव्याने पडतात, वाचक अक्षर हवं तेवढं मोठं करतो. पण त्यासाठी फाईलला कळावं लागतं की शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक डीटीपी फाईलींत, म्हणजे छपाईसाठी संगणकावर जुळवलेल्या पानांत, शीर्षक म्हणजे नुसतं मोठं आणि ठळक केलेलं अक्षर असतं. परिच्छेदाची सुरुवात स्पेसबार दाबून, नवं प्रकरण दहा वेळा एंटर मारून. ओळ बसेना म्हणून कुणीतरी हाताने जोडरेघ टाकलेली असते, आणि मग ईबुकात ओळीच्या ऐन मध्यावर ‘प्रका-शन’ असा शब्द उगवतो. ‘पान 47 पाहा’ असं लिहिलेलं असतं, आणि तिथे 47 नावाचं पानच नसतं.

त्याहून वाईट गोष्ट युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांची. देवनागरीतली कितीतरी पुस्तकं अशाच फॉन्टांत जुळवलेली आहेत. पीडीएफमध्ये अक्षरं छान दिसतात, पण ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की नुसता गिचमिडा. म्हणजे शोध चालत नाही, आणि अंध वाचकाचं वाचनयंत्रही तो गिचमिडाच वाचून दाखवतं. छापील पुस्तक ज्याला कधीच उघडता आलं नाही, त्याला डिजिटलने पहिल्यांदा दार उघडलं होतं. ते आपणच लावून घेतो, याचा मला खरंच राग येतो. युरोपीय संघात 28 जून 2025 पासून ईबुकं अशा वाचकांना वापरता येतील अशी असणं कायद्यानेच बंधनकारक झालं आहे.

खर्च शून्य? कागद, छपाई, बांधणी, गोदाम आणि परत येणाऱ्या प्रतींचा खर्च जातो, हे कबूल. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, चित्रांचे हक्क कुठे जातात? त्यात विक्रेत्याचा वाटा आला. अमेझॉनच्या स्वयंप्रकाशन सेवेत ईबुक प्रकाशित करणाऱ्याच्या हाती अटींनुसार किमतीच्या 70 किंवा 35 टक्के पडतात, आणि 70 टक्क्यांच्या पर्यायात फाईलच्या आकारानुसार पोच-खर्चही कापला जातो. चित्रांचा आकार कमी न करता तशीच ढकललेली जड फाईल तिथे पैसे खाते.

लांब कुणी वाचत नाही, हे विधान मला सर्वांत आळशी वाटतं. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर 2012 मध्ये एका हिमस्खलनावरचा सहा भागांचा दीर्घ लेख चित्रफिती आणि हलत्या नकाशांसह मांडला. तो प्रचंड वाचला गेला आणि पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिकही 2013 मध्ये त्याला मिळालं. त्याची नक्कल करा असं मी म्हणणार नाही, तेवढं बळ फार थोड्यांकडे असतं. पण नकाशा तिथे सजावटीसाठी नव्हता. बर्फ कुठून कुठे कोसळला हे शब्दांनी सांगून कळलं नसतं. कापाकापीचं तर उलटंच आहे. छपाईत पानं फर्म्याच्या, म्हणजे एकत्र छापून घडी घातल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्याच्या, पटीत बसवायची म्हणून आपण परिशिष्टं गाळतो, सूची आखडती घेतो, फोटो कमी करतो. डिजिटलला फर्मा नसतो. गाळलेलं तिथे परत घेता येतं, आणि कुणालाही ते सुचत नाही.

याच्या उलट टोकाची चूकही झालेली आहे. न्यूज कॉर्प या माध्यम कंपनीने फेब्रुवारी 2011 मध्ये खास आयपॅडसाठी ‘द डेली’ नावाचं दैनिक काढलं आणि डिसेंबर 2012 मध्ये ते बंद पडलं. भरपूर पैसा होता, पण बहुतेक सगळा डोलारा एका उपकरणावर उभा. मजकूर उपकरणापासून मोकळा ठेवा, असं मी म्हणते ते यासाठी.

राहिला छापील खप. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने 2012 मध्ये 32 खंडांचा छापील संच थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि ते योग्यच होतं: संदर्भग्रंथात माणूस शोधायला येतो, माहिती सतत बदलते. कादंबरीचं तसं नाही, मुलांच्या चित्रपुस्तकाचं तर नाहीच. म्हणून एकच नियम सगळ्या यादीला लावू नका. प्रत्येक पुस्तकाबद्दल विचारा, वाचक याच्याकडे कशासाठी येतो?

ज्यांच्या हातात आत्ता नवं हस्तलिखित आहे त्यांनी ते अक्षरजुळणीला देण्याआधीच वर्डमध्ये शीर्षक, उपशीर्षक, अवतरण, तळटीप यांना आपापली स्टाइल लावून घ्यावी, आणि चित्राखाली चित्रात काय आहे ते दोन ओळींत लिहून ठेवावं. लेखक समोर असताना हे दोन दिवसांत होतं. ईबुक मात्र त्या जुन्या वर्ड फाईलवरून नव्हे, छपाईच्या अंतिम फाईलवरून काढावं. शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्या फक्त छपाईच्या फाईलमध्ये झालेल्या असतात. लेखकाने रात्री फोन करून बदलून घेतलेलं ते चुकीचं साल वर्डमध्ये अजून तसंच असतं.