‘तीनच हलणारे भाग, एका संध्याकाळचे काम’ म्हणे!

गेल्या आठवड्यात मामेभावाने मला एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिले, “दादा, उगाच घाबरवत होतास.” त्याच्याकडे माझदा आरएक्स-७ या गाडीचे १३बी रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारे इंजिन, खोलून पडले आहे. व्हिडिओतील गृहस्थ सांगतात की रोटरी इंजिनात हलणारे भाग तीनच असल्यामुळे ते घरच्या घरी, साध्या पान्यांनी एका संध्याकाळी बांधता येते. हाउसिंग (रोटर ज्यात फिरतो ते कवच) आतून पॉलिश पेपरने घासून घ्यावे, जुने सील (दाब निसटू न देणारे भाग) पुसून पुन्हा बसवावेत, बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळावेत आणि सील जागेवर राहण्यासाठी व्हॅसलीन लावावे. हा व्हिडिओ असंख्य लोकांनी पुढे पाठवला आहे. मामेभाऊ मात्र पॉलिश पेपर आणायलाच निघाला होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

घासण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. नेहमीच्या इंजिनात सिलिंडरला होनिंग करतात हे खरे, पण तो सिलिंडर गोल असतो आणि बहुधा बिडाचा असतो. त्यावर पाडलेल्या बारीक तिरप्या रेघांमध्ये तेल टिकते. रोटरीचे हाउसिंग गोल नसते, तर कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोलासारखे असते, त्यामुळे होनिंगचे हत्यार त्यात सरळ फिरूच शकत नाही. १३बीमध्ये ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला आतून पोलादी पत्रा असतो आणि त्यावर कठीण क्रोमचा पातळ थर असतो. रोटरच्या टोकावरचा एपेक्स सील याच थरावरून सतत सरकत असतो. बोटाने दाबून पॉलिश पेपर फिरवला की एका जागी खळगा आणि शेजारी उंचवटा तयार होतो, आणि सील त्या खळग्यावरून जाताना दाब निसटतो. स्पार्क प्लगच्या छिद्राजवळ किंवा कडेला क्रोमचे टवके उडाले असतील, तर घासून ते भरून येत नाहीत. हाउसिंग बदलावे लागते किंवा त्यावर नव्याने थर चढवून घ्यावा लागतो. काजळी काढायला द्रावण, फडके आणि धीर पुरेसा आहे.

तीन हलणाऱ्या भागांची गोष्ट अर्धी खरी आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. दोन रोटर आणि ते ज्यावर बसतात तो एक एक्सेंट्रिक शाफ्ट हे मुख्य भाग तीनच आहेत. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. परंतु त्या दोन रोटरवर मिळून ६ एपेक्स सील, १२ कॉर्नर सील, १२ साइड सील आणि ८ ऑइल रिंगा बसतात, आणि त्यांच्या स्प्रिंगा वेगळ्याच. नवा साइड सील तर पाकिटातून काढून थेट बसत नाही. त्याचे एक टोक बारीक कानशीने थोडे थोडे घासत, कॉर्नर सीलपाशी फीलर गेज घालून फट मोजत जावे लागते. माझदाच्या वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे ही फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर हवी. एक घासणी जास्त झाली तर तो सील वाया गेला. असे बारा सील करायचे आहेत, हे ध्यानात घेऊन ‘एका संध्याकाळी’ हे शब्द पुन्हा वाचावेत.

साध्या पान्यांबद्दल फार लिहीत नाही. फ्लायव्हीलचा नट ५४ मिलिमीटरचा असतो आणि तो ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक आवळावा लागतो. तो अंदाज कोणाच्या हाताला नसतो. हाउसिंगची चळत धरून ठेवणारे लांब बोल्टही ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्यानेच आवळायचे असतात. पाण्याच्या मार्गाचे रबरी सील पुन्हा वापरणे म्हणजे काही दिवसांत पांढरा धूर पाहण्याची तयारी ठेवणे होय.

शाफ्टच्या मागेपुढे सरकण्याचा, म्हणजे एंड प्लेचा, व्हिडिओत उल्लेखही नाही. तेच मॅन्युअल तो ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर सांगते, आणि तो डायल गेजने मोजून, गरज पडल्यास वेगळ्या जाडीचा स्पेसर घालून साधावा लागतो. पुढचा बोल्ट सैल असताना शाफ्ट जरा मागे सरकला, तर आतला सुयांचा थ्रस्ट बेअरिंग जागेवरून घसरतो आणि बोल्ट पुन्हा आवळताना चेपला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. माझ्या पहिल्या इंजिनात मी हेच केले होते, आणि पुढचे कव्हर पुन्हा उघडल्यावर चेपलेला बेअरिंग हातात आला.

व्हॅसलीनचा सल्ला मात्र बरोबर आहे. सील आणि स्प्रिंगा त्याने जागेवर राहतात आणि इंजिन सुरू झाल्यावर ते जळून जाते.

व्हिडिओच्या अखेरीस साधा कॉम्प्रेशन गेज (इंजिनातला दाब मोजणारा) लावून एक आकडा अभिमानाने दाखवला आहे. एका रोटरच्या तीन बाजूंना तीन कक्ष असतात आणि असा गेज त्यांतला सर्वांत मोठा दाबच धरून ठेवतो. एक एपेक्स सील खराब असला तर त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन कक्ष गळतात, पण तिसरा धड असल्यामुळे गेजवर आकडा चांगलाच दिसतो. गेजची झडप उघडी ठेवून काट्याच्या तीन उड्या सारख्या पडतात का, हे पाहायचे असते. व्हिडिओत काटा एकदा चढून तिथेच थांबला आहे. उरलेल्या दोन कक्षांचे काय झाले, ते त्या गृहस्थांनाही ठाऊक नसणार.