उल्हासनगर? रिक्षात तर कुणी असं म्हणत नाही!

कल्याणपासून अंबरनाथपर्यंत कुठल्याही रिक्षावाल्याला नुसतं "उल्हासनगर" सांगा, तो लगेच विचारतो, "किती नंबर?" मग तीन नंबर, पाच नंबर असं सांगावं लागतं. हे नंबर कॅम्पांचे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ सैन्यासाठी छावणी उभारली, तिचे हे भाग. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना याच रिकाम्या बराकींत ठेवलं. एका बराकीत अनेक कुटुंबं आणि मध्ये आडोशाला गोणपाट. त्या काळी पत्ता एकच होता, कल्याण कॅम्प.

८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींनी इथे नव्या शहराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून नाव ठेवलं उल्हासनगर. घरदार सोडून आलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव! सरकारी आशावाद म्हणायचा. त्यातही गंमत अशी की उल्हास शहराच्या कडेने, म्हारळ-शहाडच्या बाजूने जाते. शहराच्या मधून वाहते ती वालधुनी, आणि कारखान्यांचं सांडपाणी पोटात घेऊन तिचा पार नाला झालाय. तिचं नाव शहराला द्यायचं कुणाच्या मनात आलं नसावं, आणि आता तर येणारच नाही.

नाव कागदावर आलं, पण नंबर काही गेले नाहीत. पोस्टानेही ते मान्य करून टाकले: उल्हासनगर-१ चा पिन ४२१००१, उल्हासनगर-५ चा ४२१००५. छावणीतली मोजणी अजून पाकिटांवर चालू आहे.

मला राग येतो तो आपल्या मराठी विनोदाचा. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हे ऐकून आपण वर्षानुवर्षं हसलो. नकली माल इथे बनला नाही असं नाही, आणि बेकायदा इमारती इतक्या झाल्या की त्या नियमित करायला २००६ मध्ये खास या शहरासाठी कायदा करावा लागला. पण लग्नाचा बस्ता बांधायला, फर्निचर घ्यायला, स्वस्तात जीन्स आणायला आपणच तिथे जातो की. जेमतेम १३ चौरस किलोमीटरच्या जागेत, २०११ च्या जनगणनेप्रमाणे पाच लाखांवर माणसं राहतात. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी लोकलमध्ये पापड-गोळ्या विकून सुरुवात केली. आणि परके तरी कसे म्हणायचे? सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता.

म्हणून मला वाटतं, 'कॅम्प' हा शब्द कमीपणाचा समजून पुसू नये. दुकानांच्या पाट्यांवर आहे तो राहू द्या. बराकी पाडून, वाढवून, मजले चढवून बहुतेक ओळखू येईनाशा झाल्यात. मूळच्या कौलारू रूपाच्या जवळ जाणारी एखादी जरी उरली असेल, तर महापालिकेने ती ताब्यात घेऊन जतन करावी आणि बाहेर दोन्ही नावं लिहावीत, मराठीत आणि सिंधीत. सिंधी अरबी लिपीत की देवनागरीत, यावर वाद होईल. होऊ दे.