‘कँडिड’ म्हणजे तोंडाळ नव्हे

‘इंग्रजी सुधारा’ छापाचा एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कँडिड हा शब्द कँडलवरून आला, कँडिडेट म्हणजे मुळात सच्चा माणूस, कँडिड बोलणं म्हणजे समोरच्याला तोंडावर सुनावणं, आणि कँडिड फोटो म्हणजे लपून काढलेला.

मेणबत्तीचं आधी उरकू. कँडिड ही कँडलची लेक नव्हे, बहीण. दोघींचं मूळ ‘चकाकणं, शुभ्र असणं’ अशा अर्थाच्या एका लॅटिन क्रियापदात आहे.

कँडिडेटची गोष्ट मजेची. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा अंगावरचा टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र, खडूने पांढराफेक करून मतं मागत फिरे, म्हणून तो ‘कांदिदातुस’, म्हणजे शुभ्र कपड्यातला. शुभ्र होतं ते कापड. सचोटीचं म्हणाल, तर मतांसाठी पैसे चारण्याविरुद्ध रोमला पुनःपुन्हा कायदे करावे लागले, इ.स.पू. 63मध्ये रोमन राजकारणी सिसेरोने केलेल्या कायद्यात 10 वर्षं हद्दपारीची शिक्षा होती. कडक इस्त्रीची खादी आठवली असेल, तर दोष माझा नाही.

खरी गफलत आहे ती ‘तोंडावर सुनावण्या’त. त्याला इंग्रजीत ब्लंट म्हणतात. ब्लंट माणूस समोरच्याच्या मनाची पर्वा करत नाही. कँडिड माणूस काही लपवत नाही, आणि त्यात स्वतःचं उणंही आलं. एके काळी तर हा शब्द जवळपास उलट अर्थाने चाले: दुसऱ्याबद्दल आकस न धरणारा. जेन ऑस्टिनच्या 1813च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत एलिझाबेथ आपल्या बहिणीला कँडिड म्हणते, ते ती सगळ्यांचं चांगलं तेवढं पाहते आणि वाईट बोलतच नाही म्हणून. आजचा अर्थ पाहायचा तर इंग्लंडचा कायदा पाहा. तिथल्या सरकारी रुग्णालयांवर 2014पासून ‘ड्यूटी ऑफ कँडर’, म्हणजे कँडिड राहण्याचं कायदेशीर बंधन, आहे. उपचारात काही बिघडून रुग्णाला गंभीर इजा झाली, तर रुग्णालयानेच ते आपणहून सांगायचं आणि माफी मागायची. यात सुनावणं कुठे आलं?

फोटोचं मात्र अर्धं बरोबर. जर्मन छायाचित्रकार एरिख सालोमोन याने 1928मध्ये टोपीत कॅमेरा लपवून कोर्टातला खटला टिपला होता. पण लपणं ही त्याची युक्ती; फोटो कँडिड ठरतो तो त्यातल्या माणसाने पोझ दिलेली नसते म्हणून. आपल्या लग्नांत ‘इकडे न बघता हसा’ असं सांगून जे काढतात, त्याला काय म्हणायचं ते फोटोग्राफरलाच विचारा.