पी-व्हॅल्यू 0.03, तरी अंदाज चुकतो? प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सांगलीतल्या किराणा दुकानाच्या विक्रीचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलवर, म्हणजे जुन्या आकड्यांवरून पुढची विक्री सांगणाऱ्या गणितावर, मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही लांबतंय. तुमचं म्हणणं असं: ऑफरचा पी-व्हॅल्यू 0.03 येऊनही दिवाळीच्या विक्रीचा अंदाज साफ चुकू शकतो, मग चाचणी हवी कशाला? आणि ऑगस्ट 2019च्या महापुराचे दिवस वेगळे काढणं म्हणजे आकडे सोयीचे करून घेणं.

पहिल्या मुद्द्यात दोन कामांची गल्लत आहे. ऑफरचा काहीच परिणाम नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता 3 टक्के, इतकंच 0.03 सांगतो. उद्या गल्ल्यात किती येईल, हा त्याचा विषयच नाही. शिवाय मॉडेलची मांडणी बरोबर असेल तरच त्या 3 टक्क्यांना अर्थ. खरी गोम इथेच आहे. किराणा दुकानदार ऑफर लावतो कधी? दिवाळीच्या तोंडावर. गिऱ्हाईक फराळाच्या सामानाला येणारच असतं, श्रेय ऑफर खाऊन जाते. आकड्यांच्या तक्त्यात सणाचा रकाना घातल्याशिवाय ऑफरचा सहगुणक, म्हणजे ऑफरने विक्री किती बदलते हे सांगणारा आकडा, वाचूच नये.

आणि तो रकाना इंग्रजी महिन्याचा असून भागत नाही. 2023 साली अधिक श्रावण आला, लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरवर गेलं. 2024ला ते 1 नोव्हेंबरला. म्हणजे रवा, बेसन, तेलाची मोठी खरेदी एका वर्षी नोव्हेंबरात, पुढच्या वर्षी ऑक्टोबरात! त्यापेक्षा 'लक्ष्मीपूजनाला किती दिवस उरले' हा रकाना घालून बघा.

आता पूर. ते दिवस मी गाळले नाहीत, त्यांना 'पूर: हो/नाही' असा स्वतंत्र रकाना दिला. दुकानात कृष्णेचं पाणी असताना विक्री शून्य, यात ऑगस्टचा काय दोष? तो खड्डा तसाच ठेवला, तर दरवर्षीच्या श्रावणातली साबुदाणा-शेंगदाण्याची विक्रीही मॉडेल कमी धरतं. पाणी ओसरल्यानंतरचे आठवडे मात्र या रकान्यात कोंबू नयेत. तेव्हा फिनेल आणि खराटे खपतात, ते गणित निराळं.

'अनुभवी दुकानदार वहीवरून सांगतो', हे तुमचं म्हणणंही मान्य. 'गेल्या दिवाळीला किती खपलं' हाच मॉडेलचा खरा प्रतिस्पर्धी. शेवटची दिवाळी मॉडेलपासून लपवून ठेवा, दोघांचे अंदाज ताडून बघा. मॉडेल हरलं तर खुशाल टाकून द्या. पण त्याआधी गिऱ्हाईक शेतकऱ्यांच्या खात्यावर उसाची बिलं कधी जमा झाली, त्या तारखा दुकानदाराला विचारून रकान्यात घाला. त्या त्याला तोंडपाठ असतात.