शॉट खाली गेला तर डॉट वर घ्यायचा नसतो

‘रेड डॉट झिरो करा दहा मिनिटांत, फक्त पाच गोळ्यांत’ असा एक मेसेज नेमबाजांच्या ग्रुपांमध्ये सध्या जोरात फिरतोय. रेड डॉट म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, आणि झिरो करणं म्हणजे ठिपका जिथे दिसतो तिथेच गोळी लागेल असं स्क्रू फिरवून जुळवणं. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण माझ्या भाचीनं नुकताच पिस्तुलावर रेड डॉट बसवला आणि हा मेसेज समोर ठेवून स्क्रू फिरवले. प्रत्येक दुरुस्तीनंतर तिच्या गोळ्या आणखी खाली जात होत्या आणि ती मला म्हणाली, “मामा, मला हे जमतच नाहीये.” तिला जमत होतं. मेसेजमध्ये लिहिलेलंच उलटं आहे, म्हणून त्यातला एकेक दावा घेतो.

‘शॉट खाली गेला तर डॉट वर न्या.’

हा सगळ्यात घातक. नियम मागच्या आयर्न साइटचा (नळीवर पुढे टोक आणि मागे खाच अशी साधी साइट असते, त्यातल्या खाचेचा) आहे आणि तो कुणीतरी उचलून रेड डॉटला चिकटवलाय. मागची साइट वर केली की गोळी वर जाते, हे बरोबर. पण डॉट वागतो पुढच्या साइटसारखा. काचेत डॉट वर सरकवला की तो पुन्हा टार्गेटच्या मध्यावर आणायला तुम्हाला नळी खाली करावी लागते. नळी खाली गेली की गोळी आणखी खाली. मेसेज मानणारा माणूस परत डॉट वर नेणार, आणि स्क्रू संपेपर्यंत हेच चालणार.

पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरलंय आणि डॉट मध्यावर आहे अशी कल्पना करा. गोळी खाली लागली. आता पिस्तूल न हलवता डॉट त्या भोकावर आणायचा, म्हणजेच खाली. साइटच्या स्क्रूवर ‘यू’ किंवा ‘अप’ लिहून बाण काढलेला असतो, तो गोळी कुठे सरकेल ते सांगतो, डॉट कुठे सरकेल ते नाही. बाणाच्या दिशेनं फिरवलं तर काचेत डॉट खाली जाताना दिसेल. दिसू दे. तेच हवंय. आणि स्क्रूला हात लावण्याआधी मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं, स्लाइड मागे अडकवलेली. मेसेजमध्ये याबद्दल एक शब्द नाही, याचा मला जास्त राग आहे.

‘५ मीटरवर झिरो केलं की सगळीकडे चालतं.’

नाही चालत, आणि यासाठी कुणाच्या मताची गरज नाही, साधं गणित पुरतं. डॉट नळीच्या साधारण अडीच सें.मी. वर आहे आणि गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटर आहे असं धरा. ५ मीटरवर गोळी डॉटला भेटायची तर तेवढ्या छोट्या अंतरात तिला अडीच सें.मी. चढावं लागतं. त्याच तिरक्या वाटेनं ती पुढे जात राहते आणि २५ मीटरवर, गुरुत्वाकर्षणानं आलेली घट वजा करूनही, साडेसात सें.मी.पेक्षा जास्त वर लागते. बियांची कप या पिस्तूल स्पर्धेतल्या प्लेट्स (धातूची गोल टार्गेट) ८ इंची असतात आणि शेवटच्या २५ यार्डांवर, म्हणजे सुमारे २३ मीटरवर असतात. मध्यापासून कडेपर्यंत फक्त १० सें.मी., त्यातले ७ तुमच्या झिरोनंच खाल्ले.

उलट २५ मीटरवर झिरो करा. मग हेच पिस्तूल ५ मीटरवर जेमतेम दीड सें.मी. खाली मारतं आणि १० मीटरवर एक सें.मी.ही नाही. स्पर्धांच्या ‘ओपन’ प्रकारात (जिथे पिस्तुलात बदल करायची मोकळीक असते) डॉट नळीपासून आणखी वर असतो, तिथे जवळच्या झिरोचा घोटाळा अजून मोठा.

दुसरंही आहे. बहुतेक पिस्तुली डॉट स्क्रूच्या एका क्लिकला एक एमओए (एका अंशाचा साठावा भाग) सरकतात. ते २५ मीटरवर सुमारे ७ मि.मी. होतं, ५ मीटरवर दीड मि.मी. म्हणजे ५ मीटरवर ९ मि.मी.च्या एका भोकात सहा क्लिक मावतात. मध्य कुठला ते ठरवणार कसं? हां, पहिले दोन शॉट जवळून मारून गोळी कागदावर येतेय का हे बघायला ५-७ मीटर ठीक आहे. तेवढ्यापुरतंच.

‘आयर्न साइटच्या टोकावर डॉट टेकवा, झालं झिरो.’

अर्धं खरं आहे, मान्य. सुरुवात करायला ही उत्तम युक्ती आहे, गोळ्या वाचतात. पण तुमच्या आयर्न साइट तरी नेमक्या कुठे मारतात हे तपासलंय का? ‘झालं’ हा शब्द चुकीचा आहे. तिथून पुढे गोळ्या मारूनच ठरवायचं.

‘गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर तेवढे क्लिक द्या.’

उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली-डावीकडे जात असतील तर आधी ट्रिगर तपासा. शॉट सुटायच्या क्षणी बोट झटकतं, मनगट खाली दबतं. त्यावर क्लिक दिले की चूक झाकली जाते, आणि ज्या दिवशी ट्रिगर नीट दाबला जाईल त्या दिवशी गोळ्या वर-उजवीकडे जातील. मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्यांचा ग्रुप (एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) काढा. तो मध्यावर आला आणि उभं राहून मारलेला खाली-डावीकडे गेला, तर साइटला हात लावायचा नाही. मॅगझिनमध्ये मध्येच एखादं डमी काडतूस भरायला मित्राला सांगा. हातोडी रिकामी पडताना नळी खाली डुलली की उत्तर मिळालं.

उरलेलं झटपट.

‘ब्राइटनेस पूर्ण वाढवा’: नको. डॉट फुगतो. ६ एमओएचा डॉट तसाही २५ मीटरवर ४ सें.मी.पेक्षा जास्त जागा झाकतो. कडा स्वच्छ दिसेल इतका कमी करा.

‘डॉट तारा-तारा दिसतो म्हणजे साइट खराब’: मोबाइलनं काचेतून फोटो काढा. फोटोत गोल आला तर डॉक्टरकडे डोळे दाखवा, बहुधा अ‍ॅस्टिग्मॅटिझम (डोळ्याच्या वक्रतेतला दोष) असेल.

‘पॅरॅलॅक्स अजिबात नसतो’: डोळा हलला की डॉट टार्गेटवरून सरकलेला दिसतो, तो पॅरॅलॅक्स. असतो, पण थोडा. झिरो करताना डॉट काचेच्या मध्याजवळ ठेवा.

‘ऑलिंपिक नेमबाज असंच करतात’: ऑलिंपिक नेमबाजीचे नियम ठरवणाऱ्या आयएसएसएफच्या पिस्तूल प्रकारांत फक्त ओपन साइटना, म्हणजे टोक-खाचेच्या साध्या साइटना, परवानगी आहे. तिथे रेड डॉट लावताच येत नाही.

‘गोळी कुठलीही चालते’: आयपीएससी या प्रॅक्टिकल नेमबाजीच्या संघटनेच्या स्पर्धांत मायनर या कमी ताकदीच्या गटासाठी १२५ पॉवर फॅक्टर (ग्रेनमधलं गोळीचं वजन गुणिले फूट प्रति सेकंद वेग, भागिले १०००) लागतो. ११५ ग्रेनची गोळी तो सेकंदाला साधारण १०८७ फुटांवर गाठते, १४७ ग्रेनची ८५१ फुटांवर. हळू गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर रिकॉइलनं नळी किंचित उचललेली असते, म्हणून जवळच्या अंतरावर ती बऱ्याचदा वर लागते. स्पर्धेसाठी गोळी बदलली की पुन्हा २५ मीटरवर, पिशवीवर टेकून, पाच-पाचचे दोन ग्रुप काढा आणि दहाही भोकांचा मिळून मध्य धरून क्लिक द्या.