ते पत्र कारगिलचं नाही: खुलासा

'कारगिलमध्ये शहीद झालेल्या कोल्हापूरच्या जवानाचं हॉस्पिटलमधून आईला शेवटचं पत्र' असा मेसेज दोन दिवसांपासून फिरतोय. त्या मेसेजखाली जोडलेला फोटो माझ्याच पोस्टमधला आहे. पत्र आमच्या आजोबांचं, 1971 च्या युद्धातलं. डिसेंबरात ते जखमी होऊन पुण्याच्या लष्करी रुग्णालयात होते, तिथून आलेलं.

मूळ अंतर्देशीय पत्र घरातल्या ट्रंकेत आहे. पत्त्याच्या बाजूला नेहमीच्या तिकिटाशेजारी 5 पैशांचं जादा तिकीट दिसतं. बांगलादेशी निर्वासितांच्या मदतीसाठी नोव्हेंबर 1971 पासून ते लावावं लागे, मार्च 1973 अखेर बंद झालं. कारगिल 1999 चं. चूक माझीही आहे, फोटो टाकताना ती बाजू मी घेतलीच नव्हती, तारीखही लिहिली नाही.

मेसेजमधलं 'आई, मी आता परत येणार नाही' हे वाक्य पत्रात कुठंच नाही. आहे ते असं: गुऱ्हाळ लागलं का, म्हस व्याली का, आणि उजव्या हाताला प्लास्टर हाय म्हणून शेजारच्या खाटंवरच्या गड्याकडनं लिवून घेतोय. (अक्षर वेगळं का, असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर.) आजोबा बरे होऊन गावी आले, पुढं कितीतरी वर्षं शेती केली.

पुढं पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे कळतं. पण कृपा करून तो मेसेज आता थांबवा, आणि ज्या ग्रुपवर टाकलाय तिथं हा खुलासा टाका. आमची आजी 'शहीद' शब्द वाचून दोन दिवस नीट जेवलेली नाही.