मिरची तोडायला गेलेला मतदार कोणत्या गावचा?

विदर्भाचे आमदार 66 होते, 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत 62 झाले. खासदार 11 चे 10. राज्याच्या 288 जागा तेवढ्याच राहिल्या, फक्त ठाणे-पुण्याकडे वाढल्या. यात कुणाचा कट होता असं मला वाटत नाही. राज्यभर मतदारसंघांची लोकसंख्या होईल तितकी सारखी ठेवा, असं घटनेचं कलम 170 सांगतं, आणि 2001 च्या जनगणनेत माणसं तिकडे जास्त भरली. दर अधिवेशनात ‘विदर्भावर अन्याय’ म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

आता पुनर्रचनेची पुढची फेरी. 84 व्या घटनादुरुस्तीने एकूण जागा 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत गोठवल्या. ती जनगणना 2027 ची, संदर्भ दिनांक 1 मार्च. म्हणजे माणसं मोजायची ती फेब्रुवारीत. फेब्रुवारीत आपल्या गावात कोण असतं? गडचिरोली-चंद्रपूरकडचे मजूर धानाचं काम आटोपून तेलंगणात मिरची तोडायला गेलेले. पुसदकडच्या तांड्यांतली जोडपी ऊसतोडीवर. मेळघाटातली माणसं होळीला परततात, आणि 2027 ची होळी 21 मार्चच्या सुमारास. तोवर मोजणी उरकलेली असेल.

जनगणनेचा नियम असा: मोजणीच्या काळात थोडे दिवस तरी नेहमीच्या घरी असलेला माणूस घरी मोजायचा. पूर्ण काळ बाहेर असलेला जिथे सापडेल तिथे मोजायचा. म्हणजे मिरचीवाला तेलंगणाच्या आकड्यात जातो, आणि शेतातल्या झोपडीपर्यंत प्रगणक (जनगणनेची मोजणी करणारा) पोचलाच नाही तर कुठेच जात नाही. खोटं सांगायची गरज नाही. पण मोजणीच्या दिवसांत कुणी चार दिवस घरी येऊन गेला असेल, तर म्हाताऱ्या आईने “पोरगा बाहेर आहे” एवढंच सांगून प्रगणकाला वाटेला लावू नये. आला होता, कधी आला होता, हे सांगावं. ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल यांनी कुलूपबंद घरांची यादी आधीच प्रगणकाच्या हातात द्यावी.

मतदार यादीचा कायदा बरोबर उलटा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1950 चं कलम 20(1क) म्हणतं की तात्पुरता बाहेर गेल्याने माणसाचा ‘सर्वसाधारण रहिवास’ सुटत नाही. चार महिने मिरची तोडली तरी तो आपल्याच गावचा मतदार. एकाच माणसाला एक कायदा परगावचा धरतो, दुसरा गावचा. हे बीएलओलाही (मतदान केंद्रापुरती यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यालाही) कुणी समजावून दिलेलं नसतं, म्हणून कुलूप दिसलं की ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो.

नाव कापायचा अर्ज म्हणजे नमुना 7. त्यावर नोटीस निघते, नोटीस बंद दारावर लागते, उत्तर येत नाही, नाव जातं. बहुतेक नावं अशीच जातात, त्याला कुणी शत्रू लागत नाही. त्यामुळे हंगामाला निघण्याआधी घरच्या कुणाला तरी, नाहीतर शेजाऱ्याला, नोटिशीवर नजर ठेवायला सांगून जा. नोटीस आली तर सुनावणीच्या तारखेआधी मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे (बहुतेक ठिकाणी उपविभागीय अधिकारी) मतदाराच्या सहीचं लेखी उत्तर पोचवा: हंगामी कामाला आहे, अमुक महिन्यात परत येणार, कलम 20(1क). सोबत रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, असेल तर 8-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा). दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाची पायरी उतरू नका.

हे उत्तर का महत्त्वाचं? आदेशाविरुद्ध 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, तिथेही हरलात तर 30 दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. पण ज्याने अधिकाऱ्यासमोर तोंडी किंवा लेखी म्हणणंच मांडलं नाही, त्याचं अपील उभं राहत नाही. शिक्क्याची ती प्रत अपिलाचा पाया आहे.

लग्न होऊन आलेल्या सुनेसाठी नवा नमुना 6 (नव्याने नाव नोंदवायचा अर्ज) भरून टाकायची खोड आपल्याकडे जबरी आहे. नाव माहेरी आधीच असेल तर नमुना 8, स्थलांतराचा. नाहीतर नाव दोन ठिकाणी लागतं आणि पुढे दुबार म्हणून भलतीकडचं उडतं. अठरा पूर्ण होणाऱ्यांसाठी आता वर्षात चार तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. कार्ड खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मत यादीतल्या नावावर पडतं, आणि उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं नाव घालताही येत नाही, काढताही येत नाही.

“विधानसभेला काय, ग्रामपंचायतीला पाहू” म्हणणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं: ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेच्या याद्या विधानसभेच्याच यादीवरून फोडतात. तिथून नाव गेलं की सरपंचाच्या निवडणुकीतूनही गेलं. आणि कुणी मुद्दाम खोटा नमुना 7 भरत असेल तर त्याच 1950 च्या कायद्याच्या कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. अर्जावर अर्जदाराचं नाव-सही असते. कोणत्या नावांवर आक्षेप आलेत त्याची यादी कार्यालयात लावावी लागते. ती दर आठवड्याला कुणीतरी वाचायला जा.